चुंबकावरची अनसूया

रंगनाथ भामरे हा माणूस तसा एकदम सरळ. नाशकात अंबडच्या कारखान्यात टूलरूमला फिटर, सिडकोत दोन खोल्यांची स्वतःची जागा, विडी नाही, तंबाखू नाही, तोंडात कधी वाकडा शब्द नाही. असं स्थळ चालून आल्यावर पिंपळगावच्या उत्तराच्या घरच्यांनी फार खल केला नाही. एक गोष्ट तेवढी कुणी सांगितली नव्हती. नवरदेवाच्या घरी पलंगाखाली फौज राहत होती.

फौज शिशाची होती. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, कुणाच्या हातात भाला, कुणाच्या तलवार, कुणी घोड्यावर. रंगनाथ आणि त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त वाल्मीक, या दोघांनी प्लास्टरच्या साच्यात ओतून, कानशीनं घासून, रंगवून ते तयार केले होते. झालं असं की, वाल्मीकला भद्रकालीत एका रद्दीवाल्याकडे परदेशी मासिक मिळालं. त्यात चांगले टक्कल पडलेले गोरे लोक टेबलाभोवती उभे राहून असल्या शिपायांची लढाई खेळताहेत असा फोटो होता. मग काय विचारता! हे दोघे पेटलेच. दर रविवारी पलंगावरची गादी उचलायची, फळ्यांवर हिरवी चादर अंथरायची, खाली उशा सारून डोंगर करायचे आणि फासे टाकून लढाया लढायच्या. एका रविवारी साल्हेर, दुसऱ्या रविवारी पानिपत. पानिपत तर हे दोघे दर वेळी जिंकायचे, कारण अब्दालीकडून खेळायला कुणीच तयार नसायचं.

उत्तरा नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, होईल कमी हळूहळू. कमी तर झालंच नाही, उलट तीच त्यात अडकली. पण ते पुढे. आधी तिच्या नावाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्टच त्या नावाची आहे.

सासरी नाव बदलतात हे काही उत्तराला नवीन नव्हतं. तिच्या वर्गातली मंगल होती ती रश्मी झाली, शोभाची स्वाती झाली आणि दोघी खुशीत होत्या. उत्तराला मात्र आपलं नाव आवडायचं. तिचे वडील चित्रकलेचे शिक्षक. लहानपणी त्यांनी तिच्या पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते ‘उ’चं. नाव राहू द्या, एवढा निरोप तिनं मावसभावामार्फत लग्नाआधी पाठवलाही होता. निरोप पोचला की वाटेतच विरला, देव जाणे. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले, रंगनाथच्या हातात अंगठी दिली आणि त्याची आई त्याच्या कानाला लागली. रंगनाथनं चमकून आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. मग त्यानं बिचाऱ्यानं घाम पुसत तांदळात अक्षरं काढली. अनसूया.

अनसूया! अहो, एक्याऐंशी सालात! मांडवातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. उत्तराची आत्या तर मोठ्यानंच म्हणाली, “अगंबाई, माझ्या आजेसासूचं नाव हे!” उत्तरानं खाली मान घालून साखर वाटली, पण मनात गाठ बसली ती बसलीच.

सासू वत्सलाबाई वाईट नव्हती हो. नवरा एसटीत मेकॅनिक होता, तो रंगनाथ शाळेत असतानाच गेला. तिनं भाजीची पाटी डोक्यावर घेतली, पोराला शिकवलं, लग्न केलं. मूळची देवळ्याची. चाळीस वर्षं नाशकात काढली तरी बोलण्यातला गावाकडचा हेल गेला नव्हता. सुनेला ती कधी घालूनपाडून बोलली नाही, भाकरी जाड झाली तरी गुपचूप खाल्ली. फक्त एक खोड होती. हाका मारायची. सकाळी उठल्यापासून, “अनसू! ए अनसू!” मोरीतून हाक, ओट्यावरून हाक, गल्लीच्या टोकावरून भाजीवाल्याशी बोलता बोलता हाक. उत्तरानं हातातलं टाकून धावत यावं आणि विचारावं, “काय हो आई?” तर सासू म्हणणार, “काय नाय. राहू दे.” आणि गालातल्या गालात हसणार. उत्तराचा असा संताप व्हायचा की बस! जे नाव ऐकून अंगावर काटा येतो, ते दिवसभर कानावर, आणि तेही फुकटफाकट.

तिनं रंगनाथला सांगून पाहिलं. “मला तुम्ही तरी उत्तरा म्हणा.”

“मी तर तुला नावानं हाकच मारत नाही. अगं म्हणतो.”

“तेच सांगतेय. म्हणा.”

रंगनाथनं बायकोचं ऐकलं. तो ऐकणाराच माणूस. पण जीभ कुठे कधी घसरेल याचा नेम नव्हता. एका सकाळी तो मोरीतून ओरडला, “उत्तरा, टॉवेल दे गं!” वत्सलाबाई भाकरी थापत होती. हात तसाच पिठात राहिला. त्या दिवशी ती जेवली नाही. भांडली नाही, रुसल्याचं बोलली नाही, नुसतं “भूक नाय” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी रंगनाथ तिच्या पायाशी बसला तेव्हा एवढंच म्हणाली, “नाव मी ठेवलंय. ते टाकू नका रं.” पुढे रंगनाथची काही हिंमत झाली नाही. उत्तरानं मात्र मनाशी ठरवलं, आपलं नाव आपण परत मिळवणार. कसं, ते तिला अजून माहीत नव्हतं.

आता फौजेकडे येऊ. या फौजेची एक मोठी अडचण होती. शिपाई मोजके आणि लढाया फार. प्रत्येक तुकडीच्या म्होरक्याच्या बैठकीवर कागदाची पट्टी डिंकानं चिकटवलेली असायची, त्यावर तुकडीचं नाव. पुढच्या रविवारी तोच म्होरक्या दुसऱ्या फौजेत गेला की पट्टी खरवडायची आणि नवी चिकटवायची. त्यात शिपायांच्या बैठकीचा रंग निघायचा, वाल्मीक शिव्या द्यायचा, रंगनाथ पुन्हा रंग लावायचा. अर्धा रविवार यातच जायचा.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर रंगनाथ एक दिवस उड्या मारतच घरी आला. खिशात जुन्या लाऊडस्पीकरचं फुटलेलं चुंबक होतं. “डिंकाची कटकटच नको! शिपायाच्या बैठकीखाली चुंबकाचा तुकडा बसवायचा आणि नावाची पट्टी पत्र्याची करायची. लावली की चिकटली, ओढली की निघाली. आज मावळा, उद्या पठाण!”

वाल्मीक म्हणाला, “डोकं आहे गड्या तुला.”

डोकं होतं, पण अर्धंच. दोघांनी सगळ्या फौजेला चुंबकं बसवली, पट्ट्या लावल्या आणि रविवारी साल्हेर मांडलं. दोन्हीकडची आघाडी समोरासमोर आली मात्र, फटकन आवाज झाला आणि वाल्मीकचा भालेवाला उडी मारून रंगनाथच्या सरदाराच्या पायाला जाऊन चिकटला. मग दुसरा. मग घोडेस्वार. काही शिपाई जवळ आणले की गर्रकन पाठ फिरवून पळायला लागले. पाच मिनिटांत दोन्ही फौजांचं एकच गाठोडं झालं, हातात हात, पायात पाय. दोघेही आयटीआय झालेले, चुंबकं चुंबकांना ओढतात हे पुस्तकात शिकलेले, आणि हे! उत्तरा चहा घेऊन आली होती. ती दारातच मटकन खाली बसली आणि पोट धरून हसली. लग्नानंतर त्या घरात ती एवढी पहिल्यांदाच हसली असेल.

“हसायला काय झालं?” रंगनाथ हिरमुसला.

“अहो, उलटं करा की. चुंबक पट्टीला लावा आणि पत्रा शिपायाला. पत्रा पत्र्याला थोडाच मिठी मारतो?”

“एवढंसं चुंबक पट्टीला कसं लावणार? जाड होईल. फुटेल.”

उत्तरानं विचार केला. पिंपळगावला त्यांच्या शेजारच्या डॉक्टरांकडे फ्रीज होता. त्याचं दार स्वतःच ओढल्यासारखं बंद व्हायचं. वडिलांनी तिला एकदा दाखवलं होतं, दाराच्या कडेच्या रबरात चुंबकाची लवचीक पट्टी असते. ती म्हणाली, “फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि दाराचं जुनं रबर मागून आणा.”

वाल्मीक सायकल काढून गेलासुद्धा. दूध बाजाराजवळच्या दुकानदारानं त्याला मळकं रबर फुकट दिलं, वर डोक्यावर परिणाम झालाय का अशा नजरेनं पाहिलं. रबर चिरलं तर आतून खरंच तपकिरी पट्टी निघाली, कात्रीनं चपलेच्या तळव्यासारखी कापता येणारी. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून शिपायांच्या बैठकी झाल्या. पट्टीचे नखाएवढे रुंद तुकडे झाले, त्यांच्यावर कागद चिकटवला आणि अक्षरं काढायला बसली उत्तरा. चित्रकलेच्या मास्तरांची पोर ती! बारीक ब्रशनं असं अक्षर काढायची की छापल्यासारखं. डावी फळी, उजवी फळी, तोफखाना, बागलाणचे भालाईत. पट्टी बैठकीजवळ नेली की टिक्‌ करून बसायची आणि नखानं उचलली की निघायची. वाल्मीकनं त्या पट्ट्या इतक्या वेळा काढल्या नि लावल्या की उत्तराला त्याच्या हातावर चापट मारावी लागली.

पट्ट्या तिच्या, म्हणून मग खेळही तिचा झाला. ती खेळायला बसली आणि दोघांनाही भारी पडायला लागली. त्यांच्यात एक नियम होता. सेनापतीच्या पायाशी खेळणाऱ्याचं स्वतःचं नाव लागायचं. रंगनाथनं मोठ्या प्रेमानं सांगितलं, “तुझीही एक पट्टी कर. अनसूया म्हणून.”

उत्तरानं केली. सुबक केली, कारण वाईट अक्षर काढणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. पण कागदाचा एक तुकडा उरला होता. त्यावर तिनं ‘उत्तरा’ लिहिलं आणि दुसऱ्या पट्टीवर चिकटवलं.

पुढच्या रविवारी लढाई सुरू झाली तेव्हा तिच्या सेनापतीच्या पायाशी ‘उत्तरा’ होतं. वाल्मीकनं वाचलं आणि रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“उत्तरावहिनी, टाका फासा,” वाल्मीक म्हणाला. कसं गार वाटलं तिला! आत सासूची चाहूल लागली की ती नखानं पट्टी उचलायची आणि ‘अनसूया’ लावायची. सासू चहाचे कप ठेवून, “काय पोरखेळ मांडलाय,” म्हणून आत गेली की पुन्हा ‘उत्तरा’. वाल्मीकला यात लढाईपेक्षा जास्त मजा यायची. एकदा तो म्हणाला, “वहिनी, हसण्यावारी नेतो, पण खरं सांगतो. माझ्या वडिलांनी छप्पन साली सगळंच बदललं, देवसुद्धा. पण ते त्यांनी स्वतःच्या मनानं बदललं, म्हणून अंगाला नीट बसलं. तुम्ही मावशींना सरळ विचारत का नाही?”

“विचारणार आहे,” उत्तरा म्हणाली. दर रविवारी म्हणायची.

आणि एका रविवारी खेळ आवरताना ‘अनसूया’ची पट्टी सापडेना. चादर झटकली, उशा उलट्यापालट्या केल्या, पलंगाच्या लोखंडी पायांना कुठे चिकटलीय का ते चाचपलं. नाही. रंगनाथ म्हणाला, “जाऊ दे, दुसरी कर.” उत्तराच्या मनात मात्र पाल चुकचुकत राहिली. पट्टी हरवल्याचं दुःख नव्हतं. पण ती सासूच्या हाती लागली असली तर? चौथीपर्यंत शिकलेली बाई. दोन पट्ट्या पाहिल्या असतील तर सगळं समजलं असणार.

सोमवारी रंगनाथ कामाला गेला. वत्सलाबाई ओट्यावर तानुबाईशी बोलत बसली होती. ही तानुबाई शेजारची, दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवर तिचे कान कायम ठेवलेले. सासूनं तिथूनच सांगितलं, “पानाचा डबा आण गं.” डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा. उत्तरानं तो फळीवरून काढला तेव्हा झाकण निसटलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, वरून दिसणार नाही अशी, पट्टी चिकटलेली होती. अनसूया.

उत्तरानं झाकण उचललं. आता बोलणी बसणार. मग तिलाच राग आला. बसू देत. आज एकदाचं होऊनच जाऊ दे. तिनं डबा तिथेच ठेवला आणि सासूला आत बोलावलं. तानुबाई मान लांब करून बघत राहिली, तर दार लोटून घेतलं.

“आई, ही पट्टी तुम्ही घेतलीत?”

वत्सलाबाईनं झाकणाकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी लाल झाली. उत्तरा बघतच राहिली. रागावायचं सोडून ही बाई लाजत होती!

“ठेवते परत,” सासू म्हणाली. “खाली पडली हुती. मला वाटलं, तुला नकोच हाय, तर...”

“मला नकोच आहे,” उत्तराच्या तोंडून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मग थांबेना. “आई, मला उत्तरा म्हणा. तुमच्या पाया पडते. तुम्ही मला सगळं दिलंत, कधी टोचून बोलला नाहीत, पण हे नाव माझं नाही हो. हाक आली की मला वाटतं दुसऱ्या कुणाला तरी बोलावताय.”

“दुसरीलाच बोलवते,” वत्सलाबाई म्हणाली.

ती हळूच खाली बसली. पट्टी झाकणावरून काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

“माझं हाय ते नाव. माझ्या मायनं ठेवलेलं. वत्सला सासऱ्यानं ठेवलं. त्याची कुणी बहीण मेली हुती तिचं. मला काय विचारतंय कोण, तेरा वर्साची मी. देवळ्याला गेलं की भाऊ आक्का म्हणायचे, पोरं आत्या म्हणायची. माय हुती तवर अनसू म्हणायची. ती गेली. मग कुसा राहिली, माझ्यासंगं खेळलेली. मी एसटीतून उतरले की ती कांद्याच्या बांधावरूनच आमच्या अहिराणीत वरडायची, अनसू, कोठे शे व तू, कुठं हाईस गं! तुझ्या लगनाच्या आदल्या पावसाळ्यात तीबी गेली.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तिच्या दहाव्याला मी घाटावर बसले आन् मनात आलं, आता हे नाव कुणाच्या तोंडी राह्यलं? कुणाच्याच नाय. तुझं लगन ठरलं तवा सुचलं. म्हटलं, सुनेला देऊ. घरात हाक तर फिरंल. मी मारायची आन् मीच ऐकायची.”

उत्तराला सगळं आठवलं. दिवसभराच्या त्या हाका. काय नाय, राहू दे. आणि ते गालातल्या गालात हसणं.

“सांगायचं ना आई! मला नाही तर तुमच्या मुलाला तरी.”

“काय सांगू? म्हातारपणी मला माझं नाव पायजे म्हनून? हसली असती दुनिया.” मग तिनं पट्टी उत्तराच्या हातात दिली आणि मूठ मिटली. “चुकलंच माझं. माझं काढलं तवा मला वंगाळ वाटलं, आन् तेच मी तुझं काढलं. आजपासनं तू उत्तरा. चांगलं नाव हाय.”

आणि बाई शब्दाची पक्की निघाली. संध्याकाळी रंगनाथ आला तेव्हा ती त्याच्यासमोरच म्हणाली, “उत्तरा, याला चहा दे.” रंगनाथच्या हातातला डबा पडायचा राहिला. तो बायकोकडे बघून डोळे मोठे करायला लागला, कशी जादू केलीस म्हणून. उत्तरानं त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते तिचं नव्हतं.

तिला हवं होतं ते मिळालं. मग आनंद व्हायला हवा होता ना? पण छे! घर एकदम गप्प झालं. सासू काम असेल तेवढीच हाक मारायची, नीट, जपून, परक्याच्या घरातलं भांडं हाताळावं तशी. उत्तरा, मीठ कुठे ठेवलं. उत्तरा, दार लाव. मोरीतून हाक नाही, गल्लीतून हाक नाही. ओट्यावर बसलेली असायची, हात मांडीवर, नजर रस्त्याकडे. उत्तराला भाकरी थापताना रडू यायचं. तिचं नाव तिला परत मिळालं होतं खरं, पण त्यापायी दुसरं एक नाव त्या घरातून कायमचं उठलं होतं, आणि ते जिचं होतं ती बाई तक्रारीचा एक शब्दही काढत नव्हती.

रविवारी वाल्मीक आला. पलंगावर चादर पडली, साल्हेरचा डोंगर उभा राहिला. उत्तरा आत गेली आणि सासूला हाताला धरून घेऊन आली.

“आजपासून आई खेळणार. आम्ही दोघी एका बाजूनं, तुम्ही दोघं दुसऱ्या.”

“आगं येडी का काय! मला काय येतंय त्यातलं?” वत्सलाबाई मागे सरली, पण उत्तरानं तिला स्टुलावर बसवलंच. ब्लाऊजमधून पट्टी काढली आणि घोड्यावरच्या सेनापतीच्या पायाशी लावली. टिक्‌ झालं. रंगनाथनं वाकून वाचलं.

“अगं, ही तर तुझी पट्टी. आता तर तू...”

“माझी कधीच नव्हती,” उत्तरा म्हणाली. “आईंचं नाव आहे ते. त्यांच्या माहेरचं.”

रंगनाथ आईकडे बघत राहिला. बत्तीस वर्षांचा घोडा झाला होता तो, आणि आईचं नाव त्याला आज कळत होतं. त्याचा चेहरा असा झाला की वाल्मीकनं उगाच फासे शोधायला सुरुवात केली. वत्सलाबाई दोघांकडेही बघत नव्हती. ती पट्टीकडे बघत होती.

खेळ सुरू झाला. रंगनाथनं चाल केली, वाल्मीकनं तोफा पुढे ढकलल्या, उत्तरानं उजवी फळी डोंगराआड नेली. मग वत्सलाबाईची पाळी आली.

“आई, तुझी चाल,” रंगनाथ म्हणाला.

वत्सलाबाई हलली नाही.

“मावशी, हे घ्या फासे. टाका बिनधास्त.”

फासे तिच्या पुढ्यात पडून राहिले. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, जशी ओट्यावर बसायची तशी. रंगनाथला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून तो पुन्हा नियम सांगायला लागला. वाल्मीक म्हणाला, “दमल्या असतील.” तेव्हा ती बोलली.

“चाल माझी नाय. तिची हाय.” तिनं बोटानं घोड्यावरचा सेनापती दाखवला. “तिला सांगा.”

दोघे पुरुष एकमेकांकडे पाहायला लागले. आईला नावानं कशी हाक मारायची? मावशीला कशी मारायची? जीभच उचलेना. आणि सुनेनं सासूला नावानं हाक मारणं, हे तर त्या गल्लीत काय, सगळ्या नाशकात कुणी ऐकलं नसेल. उत्तरा पुढे सरकली. तिनं एकदा हळूच म्हणून पाहिलं, “अनसूया...” पण ते बारीक पडलं, आदबीनं म्हटल्यासारखं, आणि सासूचा चेहरा तसाच राहिला. अशी हाक नव्हतीच ती. मग उत्तरानं पदर खोचला, मोठा श्वास घेतला आणि ओरडली.

“अनसू! ए अनसू! कोठे शे व तू? चाल तुझी आलीय ना!”

पलंगावरचे शिपाई थरथरले. पलीकडच्या भिंतीवरून तानुबाईचं डोकं वर आलं आणि ती खिडकीतून आत डोकावून बघायला लागली. “काय झालं गं अनसूया? आन् तू कुणाला हाका मारतीस? अनसूया तर तू!”

“मी उत्तरा,” उत्तरा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. “अनसू ही काय, इथं बसलीय.”

वत्सलाबाईनं ओठ घट्ट मिटले होते. तिनं फासे उचलले, मुठीत खुळखुळवले, आणि शेत ओलांडून पलीकडे ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं ओ दिली.